सोय भाड्याने घ्यावी

विक्रोळीतलं ते घर आम्ही रविवारी दुपारी तीन वाजता पाहिलं. पहिली चूक तिथेच झाली. रस्ता मोकळा, जिन्यात गारवा, गॅलरीसमोर गुलमोहर, आणि दलाल सांगत होता, “स्टेशन पाच मिनिटांवर.” दलालाची पाच मिनिटं म्हणजे आपली दहा, हे मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी परतीच्या गाडीत मी आणि बायको मनातल्या मनात कपाटं लावायला लागलो होतो.

आम्ही डोंबिवलीकर. एमआयडीसीच्या निवासी विभागात स्वतःचं घर. माझं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. बायको कल्याणच्या शाळेत शिक्षिका. आई आमच्याजवळ. सोयीच्या जागी राहायला जावं का, हा विषय आमच्या घरात वर्षातून दोनदा निघतो. एकदा पहिल्या मोठ्या पावसात, गाड्या सायन-कुर्ल्याच्या पाण्यात अडकतात तेव्हा. आणि एकदा ऑफिसातलं कुणीतरी जवळ राहायला गेलं की. पहिल्या वेळी राग असतो, दुसऱ्या वेळी हेवा. दोन्ही अवस्थांत घराचा निर्णय घेऊ नये, एवढी अक्कल वयाने आली आहे. म्हणून या खेपेला आधी वही काढली.

‘किती लांब?’ या प्रश्नाला मुंबईत कुणी किलोमीटरमध्ये उत्तर देत नाही. डोंबिवली ते कुर्ला रेल्वेने साधारण ३३ किलोमीटर. फास्ट गाडी पाऊण तासात सोडते. त्यामुळे मी वर्षानुवर्षं लोकांना ‘पाऊण तासाचा प्रवास’ असं सांगत आलो आणि स्वतःही त्यावर विश्वास ठेवत आलो. आठवडाभर घड्याळ लावून लिहिलं तेव्हा खरं चित्र दिसलं. घरातून निघून शेअर रिक्षाची रांग आणि रिक्षा मिळून २५ मिनिटं. फलाटावर १०, कारण एक गाडी डोळ्यांदेखत सोडावीच लागते. गाडीत ४५. कुर्ल्याला पूल चढून उतरून पुन्हा रिक्षाची रांग, १५. त्यानंतर संकुलापर्यंत २०. बेरीज ११५ मिनिटं. म्हणजे ज्या लोकलला आपण दिवसरात्र शिव्या घालतो, तिचा वाटा निम्म्याहूनही कमी. बाकीचा वेळ दोन टोकांना जातो, आणि तो कुठल्याच वेळापत्रकात छापलेला नसतो.

वाहतुकीचं नियोजन करणाऱ्यांना ही गोष्ट जुनी आहे. माणसाला सगळी मिनिटं सारखी वाटत नाहीत. वाहनात बसून गेलेल्या वेळेपेक्षा ताटकळत उभं राहण्याचा वेळ सुमारे दुप्पट जड वाटतो, असं धरूनच ते गणित करतात. चालत्या गाडीत निदान आपण कुठेतरी पोचतो आहोत एवढं समाधान असतं. रिक्षाच्या रांगेत तेही नाही. तेव्हा घर बदलण्याचा विचार करताना ‘गाडीतला वेळ किती वाचेल’ हा प्रश्न दुय्यम. ‘रांगा किती वाचतील’ हा पहिला.

दुसरी गोष्ट बेभरवशाची. सरासरी वेळ धरून घरातून कुणी निघत नाही. महिन्यातून दोनदा गाडी वीस मिनिटं उशिरा येते म्हणून आपण उरलेले वीस दिवसही वीस मिनिटं लवकर निघतो. लेट मार्क नावाच्या चिमुकल्या दंडाची ही केवढी मोठी वसुली! म्हणून घर बघायचंच तर मंगळवारी सकाळी आठला जावं आणि तिथून ऑफिसपर्यंत एकदा प्रवास करून पाहावा. जमलं तर जुलैत. जानेवारीत मुंबईतलं प्रत्येक घर सोयीचं असतं.

सोय आणि भाडं यांची सांगड पहिल्यांदा नीट घातली ती एका शेतकऱ्याने. योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन हा जर्मनीतल्या टेलो नावाच्या गावी स्वतःची मोठी शेती कसायचा आणि तिचा जमाखर्च बारकाईने ठेवायचा. १८२६ मध्ये त्याने आपल्या ग्रंथाचा पहिला भाग छापला. मधोमध शहर, भोवती सारख्याच कसाची सपाट जमीन, अशी कल्पना करून त्याने विचारलं, कुठे काय पिकेल? शहराला लागून दूध आणि भाजीपाला, कारण तो नासतो, मग सरपणाचं जंगल, कारण लाकूड वाहायला जड, मग धान्य, आणि पार बाहेर गुरं, कारण ती स्वतःच्या पायांनी बाजारात येतात. वाहतुकीचा खर्च जितका वाचतो तितकी जमीन महाग. १९६४ मध्ये विल्यम अलोन्सोने हाच विचार शहरातल्या घरांना लावला. केंद्राजवळ राहाल तर पैसे भाड्यात द्या, लांब राहाल तर वेळेत. थ्यूनेनच्या चित्रात मुंबईचा नोकरदार कुठे बसतो हे मी शोधून पाहिलं. बाहेरच्या वर्तुळात, रोज आपल्या पायांनी बाजारात येणाऱ्यांत.

पण मुंबईत हे गणित सरळ कधीच चाललं नाही. एक तर रेल्वे अतिशय स्वस्त. उपनगरी गाडीचं दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट आजही ५ रुपये आहे, आणि मासिक पास काढणाऱ्याला रोजचा प्रवास चहाच्या भावात पडतो. पैसे लागेनासे झाले की अंतराचा सगळा खर्च वेळ आणि अंग यांच्यावर पडतो, आणि तो पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही. त्यामुळे शहर रुळांच्या कडेकडेने लांबतच गेलं: डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८, कर्जत १००.

दुसरं कारण कायद्याचं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते हवंच होतं. पण अशी खोली सोडली की परत मिळायची नाही, म्हणून ऑफिस हललं तरी लोक हलले नाहीत. गिरगावची खोली सुटू नये यासाठी माणसं नोकरीला अंधेरी-ठाण्यापर्यंत जात राहिली. पगडीचा व्यवहार यातूनच फोफावला. घर बदलणं महाग झालं की माणसं घर सोडून बाकी सगळं बदलतात.

आणि जी हलली ती सोयीसाठी हललीच नाहीत. माझे आईवडील परळच्या बीडीडी चाळीतून डोंबिवलीला आले तेव्हा वडिलांची नोकरी परळलाच होती. कामावर चालत जायचं सोडून त्यांनी लोकल पत्करली ती दोन खोल्या, स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास यांसाठी. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात दोन भाऊ, दोन वहिन्या आणि म्हातारे आईवडील असे संसार झाले. पीटर रॉसी या समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फियातल्या कुटुंबांचा अभ्यास करून १९५५ मध्ये ‘व्हाय फॅमिलीज मूव्ह’ हे पुस्तक लिहिलं. लोक घर मुख्यतः का बदलतात, तर कुटुंब वाढलं आणि जागा पुरेना म्हणून, असं त्याला आढळलं. डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहून त्याला हेच कळलं असतं. वरळीला बीडीडीच्या पुनर्विकासात त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळायला लागली, तेव्हा आई म्हणाली, “आपण थांबायला हवं होतं का रे?” मग जरा वेळाने स्वतःच म्हणाली, “छे, पन्नास वर्षं कोण थांबणार!”

तर आता हिशोब. विक्रोळीहून ऑफिसला घरापासून दारापर्यंत ५५ मिनिटं पडत होती. म्हणजे एका खेपेला तास वाचणार, दिवसाला दोन, महिन्याच्या २२ दिवसांत ४४ तास. आमचं घर भाड्याने दिलं आणि विक्रोळीला भाड्याने घेतलं, तर खिशातून महिना २० हजार जादा जाणार होते. ४४ ने भागा. तासाला साडेचारशे रुपये. माझ्या स्वतःच्या तासाची मजुरीही जवळपास तेवढीच निघते. म्हणजे सौदा बरोबरीचा, आणि बरोबरीचा असेल तर करावा असं मन म्हणत होतं.

मग बायकोने वही आपल्याकडे ओढली. तिला आज कल्याणला जायला ५० मिनिटं लागतात. विक्रोळीहून ७० लागली असती. जाऊन येऊन ४० मिनिटांचा तोटा. माझे १२० वजा तिची ४०, उरली ८०. घराचे मिळून महिन्याला २९ तास, आणि भाव चढला तासाला सातशेच्या जवळ. मी अर्धवट वकिली केली, की सकाळी ती डाउन गाडीने जाईल, गर्दी उलट दिशेला, खिडकी मिळेल, वह्या तपासून होतील. हे खोटं नव्हतं. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसण्याचा तास आणि खिडकीतला तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण तिचं म्हणणं असं की संध्याकाळी ती थेट घरी येतच नाही. स्टेशनबाहेर भाजी, मग आईची औषधं, मग दळण. पुरुष प्रवास मोजतात तो सरळ रेषेत, घर ते ऑफिस. बायकांचा प्रवास टाक्याटाक्याने होतो, आणि नव्या जागी ते टाके कुठे पडतील हे दलालाला विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. लेडीज डब्यात वाटाणे सोलले जातात ते हौसेने नव्हे.

दोघे मिळवते असतील तर ‘मध्यावर घर’ हे उत्तर सगळेच देतात. मला ते फारसं पटत नाही, कारण तो मध्य बहुधा एकाच्याच ऑफिसकडे सरकतो. ओळखीतलं एक जोडपं नवऱ्याच्या ऑफिसजवळ राहायला गेलं. त्याचे वाचलेले दोन तास बायकोच्या खात्यात जसेच्या तसे चढले. घराचा वेळ वाचला शून्य, भाडं मात्र दीडपट. पुढे तिने नोकरी सोडली. ‘जमेना’ एवढंच कारण सगळ्यांना सांगितलं गेलं.

इथे कुणी विचारेल, लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या घरात किंवा वाचलेल्या भाड्यात होतच असणार, नाहीतर लोक राहिले कशाला असते? अर्थशास्त्राचं पुस्तकी उत्तर तेच आहे. आलोईस श्टुट्सर आणि ब्रुनो फ्राय यांनी ते जर्मनीतल्या घराघरांच्या दीर्घ पाहणीवर तपासलं. त्यांचा लेख २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवास जितका लांब तितकं माणसाचं समाधान कमी निघालं. भरपाई पुरती होतच नव्हती. त्याआधी २००४ मध्ये डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा एकेक प्रसंग आठवून तेव्हा कसं वाटलं ते नोंदवायला सांगितलं होतं. सकाळचा कामावर जायचा प्रवास यादीत तळाला होता, खुद्द कामाच्याही खाली. टेक्ससला ते आपापल्या गाडीतून जाणारे लोक. ठाण्याला सकाळी डब्यात शिरणारी माणसं पाहून त्यांनी तळाखाली आणखी एक तळ खणला असता.

मग इतकं वाईट असूनही आपण का चुकतो? मला वाटतं, घर पाहताना घर दिसतं, प्रवास दिसत नाही. जादा खोली डोळ्यांसमोर असते. पाहुणे आले की उपयोग होईल असं आपण म्हणतो. पाहुणे वर्षातून चारदा येतात, लोकल पाचशे वेळा पकडावी लागते. मोठ्या खोलीची महिन्याभरात सवय होते. गर्दीची होत नाही, कारण ती रोज नव्या तऱ्हेने कोपर मारते.

इथवर सगळं घर बदलण्याच्या बाजूने चाललं होतं. पण वाचलेल्या वेळेचं काय होतं, हा प्रश्न उरतोच. चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये, याकोव्ह झहावी या वाहतूक अभ्यासकाच्या कामाचा आधार घेऊन, एक मजेशीर दावा मांडला. माणूस पायी चालो, घोड्यावर बसो की मोटारीत, दिवसाकाठी प्रवासाला साधारण एक तास देतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, अंतर वाढतं. पायी चालण्याच्या काळात शहरं पाचेक किलोमीटर व्यासाची राहिली आणि आगगाडी आल्यावर फुगली, ती याच कारणाने. मुंबईकर हा नियम रोज दुपटी-तिपटीने मोडतो, तो भाग निराळा. पण दाव्यातलं मर्म खरं आहे. प्रवासातला वाचलेला वेळ आपोआप आपल्या ताटात पडत नाही. बीकेसीजवळ राहायला गेलेल्या माझ्या सहकाऱ्याचंच बघा. पूर्वी सहा वाजले की तो “सहा चाळीसची आहे” म्हणत उठायचा आणि कुणाची अडवायची छाती नव्हती; गाडी ही मुंबईच्या ऑफिसातली सर्वमान्य सबब आहे. आता साहेब म्हणतात, “तू काय, जवळच राहतोस, थांब जरा.” जरा म्हणजे साडेआठ. त्याने महिना पंचवीस हजार जादा मोजून घेतलेले तास कंपनीने फुकटात नेले.

नवीन जागेबद्दल आपण आनंदाचे अंदाज बांधतो तेही असेच फसतात. डेव्हिड श्केड आणि कानेमान यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या आणि मधल्या थंड राज्यांतल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही किती समाधानी आहात, आणि दुसरीकडचे विद्यार्थी किती असतील? सगळ्यांना वाटलं, कॅलिफोर्नियात ऊन आहे, तिथले जास्त सुखी असणार. प्रत्यक्षात दोन्हीकडचं समाधान सारखं निघालं. हवेचा विचार करताना हवाच मोठी दिसते; राहायला गेल्यावर परीक्षा, पैसे, दोस्त, दात दुखणं हे सगळं तिथेही असतं. विक्रोळीचा गुलमोहर मला असाच मोठा दिसत होता. मार्च संपल्यावर तिथे पाण्याला दाब किती असतो, हे मी विचारलं नव्हतं.

आईला या सगळ्यात कुणी विचारलं नव्हतं. तिने एकदा फक्त एवढंच म्हटलं, “तुमचं जवळ येईल, माझं सगळं लांब जाईल.” तेव्हा मी तिच्या एका आठवड्याची नोंद केली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे आमच्या घराची किल्ली असते. गॅसचा सिलेंडर आम्ही नसताना वॉचमन घेऊन ठेवतो. किराणावाला फोनवर अर्धं वाक्य ऐकून सामान पाठवतो आणि पैशांचं ‘होतील हो’ म्हणतो. डॉक्टरांना तिची जुनी फाइल न उघडता औषध ठाऊक असतं. मंगळवारी भजनी मंडळ, संध्याकाळी बाकावरच्या चौघी. गणपती मंदिर, दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड. यातलं काहीही नकाशावर ‘सुविधा’ म्हणून दाखवलेलं नसतं, आणि यातलं काहीही पॅकर्सच्या टेम्पोत चढत नाही. नव्या जागी हे सगळं उभं करायला दोन-तीन वर्षं लागतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कदाचित जमतच नाही. सोय या शब्दाचा आईचा अर्थ आणि माझा अर्थ यांत असं ३३ किलोमीटरचं अंतर होतं.

मुलं लहान असतील तर शाळेचं कोष्टक आणखी निराळं. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी आपल्याकडे घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं, १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य, मग ३ किलोमीटरपर्यंतचे. त्या एका वर्तुळासाठी भाडेकरार नोंदवून राहायला गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आमची मुलगी नोकरीला बेंगळुरूला असते, त्यामुळे ते प्रकरण आमच्यापुरतं संपलेलं.

आता माझं खरं म्हणणं. सोयीसाठी घर विकत घेऊ नये. सोय भाड्याने घ्यावी.

कारण सोय घरात नसते, घर आणि कुठलं तरी ऑफिस यांच्या मधे असते, आणि ते दुसरं टोक आपल्या हातात नाही. नरिमन पॉइंट हे एके काळी मुंबईच्या नोकरदारीचं शिखर होतं. तिथल्या बँका आणि कंपन्या बीकेसीकडे सरकत गेल्या. ज्यांनी चर्चगेटची गाडी सोयीची म्हणून पश्चिम रेल्वेवर घरं घेतली ते आता वांद्र्याला उतरून रिक्षाला हात करतात. ऑपेरा हाउसचा हिरे बाजार २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स म्हणून बीकेसीत गेला, आणि २०२३ च्या डिसेंबरात सुरतेत त्याहून अवाढव्य बोर्सचं उद्घाटन झालं. बाजाराजवळ घर घेतलेल्या व्यापाऱ्याने एका आयुष्यात किती वेळा घर हलवायचं? गृहकर्ज वीस वर्षांचं असतं. एका खुर्चीवर वीस वर्षं बसणारी नोकरी आता कुणाची आहे?

कधी कधी सोयच चालत येते. मेट्रो ३ आरे ते बीकेसी धावायला लागली ती २०२४ च्या ऑक्टोबरात, आणि मरोळला राहणारा आमच्या ऑफिसातला एक जण घर न बदलता अर्ध्या वेळात पोचायला लागला. त्याच्या घराला पूर्वी आम्ही ‘आडबाजूला’ म्हणायचो. पण येणाऱ्या सोयीवर पैसे लावणं हा वेगळा जुगार. नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं. बेलापूर ते पेंधर या ११ किलोमीटरवर गाडी धावली २०२३ च्या नोव्हेंबरात. बारा वर्षं खारघर-तळोज्याच्या जाहिरातींत ती ‘लवकरच’ धावत होती. पहिलीतलं पोर बारावी पास होऊन गेलं.

आणि विकत घेऊन चुकलं तर ती चूक दुरुस्त करणं महाग. मुंबईत कोटीचं घर घेतलं तर मुद्रांक शुल्क ६ टक्के म्हणजे ६ लाख (घर बाईच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत), नोंदणीचे ३० हजार, वर दलाली, सोसायटीचं हस्तांतर शुल्क, जुनं विकताना पुन्हा दलाली. आठेक लाख हवेत जातात, आणि या पैशांची एक वीटही दिसत नाही. जुन्या भाडे कायद्याने गिरगावकराला जागेला खिळवलं होतं, तसं आज मुद्रांक शुल्क मालकाला खिळवतं. याउलट महिना ३५ हजारांच्या घराचा अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवायला मुद्रांक पाव टक्का आणि नोंदणीचे १ हजार, मिळून दोन हजारांच्या आसपास. एक महिन्याची दलाली आणि टेम्पो धरूनही प्रयोग लाखाच्या आत होतो. करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, तो टाळाटाळ करत असेल तर घर कितीही सोयीचं असलं तरी सोडून द्यावं. आपलं घर दिलं की सोसायटी सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के ना-वापर शुल्क लावू शकते, तेवढंच. स्वतःचं घर असताना भाड्याने राहायचं, हे आपल्याकडे कमीपणाचं वाटतं. माझ्या काकांनी तर विचारलं, “कर्ज फिटेना झालंय का?” घर ही इभ्रत आहे आणि सोय ही गरज, एकाच छपराखाली दोन्ही मिळायला हव्यात हा हट्ट सोडला की अर्धे प्रश्न सुटतात.

विक्रोळीला आम्ही गेलो नाही. वहीच्या पहिल्या पानावर परत गेलो. माझ्या ११५ मिनिटांतली आणि बायकोच्या ५० मिनिटांतली जी २५ सारखी होती ती घर ते डोंबिवली स्टेशन ही होती, रांगेतली, सर्वांत जड. ती कापायला विक्रोळी कशाला? स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर, पूर्वेलाच, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालं. आमच्या घराचं भाडं वजा जाता खिशातून ५ हजार. दोघांची मिळून दिवसाला ६८ मिनिटं वाचतात, महिन्याला २५ तास. तासाला दोनशे रुपये, आणि रिक्षाचे पैसे वाचतात ते वेगळेच. आईचं भजनी मंडळ आता रिक्षाने आहे, पण गणपती मंदिर चालत. किल्ली ठेवायला कुणी अजून मिळालेलं नाही. लिफ्ट नाही. पार्किंग नाही. खोल्या लहान आहेत.

खिडक्या रुळांच्या बाजूला आहेत. पहिले पंधरा दिवस झोप लागली नाही. आता कल्याणकडे जाणाऱ्या फास्ट गाडीची घोषणा झाली की आई गॅसवर चहाचं आधण ठेवते. मी दारात पोचतो तेव्हा ते नुकतंच उकळत असतं. गाडी उशिरा असली तर तिला माझ्याआधी कळतं.